आधी एक पावसाळा, मग कंत्राट

वाचकाचे पत्र:

सप्रेम नमस्कार. मी पणजीत गेली एकवीस वर्षे सनदी लेखापाल म्हणून व्यवसाय करतो. सध्या पाटो येथे भाड्याच्या जागेत माझे कार्यालय असून माझ्याकडे चौदा जण काम करतात. पणजीतल्याच मळा या भागात आमचे वडिलोपार्जित दुमजली घर आहे. चिऱ्यांच्या जाड भिंती, वरच्या मजल्याला लाकडी तक्तपोशी, त्यावर मंगळुरी कौले असा सगळा जुना थाट आहे. मधल्या तुळईवर १८९२ हे साल कोरलेले आहे. मागच्या भागात माझी थोरली काकी एकटी राहते. पुढचा भाग बारा वर्षे बंद आहे, तो फक्त चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, उघडतो. तेथे कार्यालय हलवावे असे मनात आहे. कंत्राटदाराचा प्रस्ताव असा आहे: जुना गिलावा काढून सगळीकडे सिमेंटचा करायचा, लाकडी मजला काढून स्लॅब टाकायचा, जमिनीवर व्हिट्रिफाइड फरशी, वर जिप्समचे छत आणि प्रत्येक खोलीत एसी. चवथीनंतर काम सुरू केले तर मार्चअखेर किल्ली हातात देतो, असे तो म्हणतो. १९९८ साली दिवाणखान्यात कमरेपर्यंत सिमेंटचा गिलावा केला होता, तो आता फुगला आहे. काकी म्हणते, "ते सिमेंट आधी काढ, मग पुढचे बोल." कोणाचे ऐकावे? लाकडी मजला कार्यालयाचा भार पेलेल का? परवानग्या कोणत्या लागतात? आणि काकीला न हलवता हे सारे जमेल का?

– एक वाचक, पणजी

उत्तर:

काकींचे ऐका. घरात शांतता राहावी म्हणून हे सांगत नाही. कंत्राटदाराने सुचवलेली पाचही कामे नव्या सदनिकेत खपून जातील, परंतु आपल्या घरात त्यांतील चार कामे नुकसान करतील आणि पाचव्याची, म्हणजे एसीची, व्याप्ती बरीच कमी करावी लागेल. जुन्या घराचे कार्यालय करताना आधी पाणी, मग वजन, मग वीज आणि सर्वांत शेवटी सजावट असा क्रम मी धरतो. आपल्या कंत्राटदाराने सजावटीपासून सुरुवात केली आहे आणि पाण्याचा उल्लेखही केलेला नाही.

दिवाणखान्यातल्या त्या फुगलेल्या भिंतीपाशी एकदा सवडीने उभे राहा. सिमेंटचा पट्टा जिथे संपतो त्याच्या वर हातभर उंचीपर्यंत रंगाचे पोपडे सुटलेले दिसतील आणि बोट फिरवले तर पिठासारखा पांढरा खार बोटाला लागेल. खाली सिमेंटवर बोटाच्या पेराने ठोकून पाहा. बद्द, पोकळ आवाज येईल, कारण तो गिलावा भिंतीपासून केव्हाच सुटला आहे आणि केवळ स्वतःच्या ताठपणावर उभा आहे. १९९८ साली त्या भिंतीला ओल होती म्हणूनच कोणीतरी सिमेंट सुचवले असणार. तेव्हा ओल गुडघ्यापर्यंत होती असे धरले, तर आज ती छातीपर्यंत पोहोचली आहे.

असे का होते, ते समजून घेतल्याशिवाय पुढचा कोणताही निर्णय घेऊ नका. आपल्या चिऱ्याचा दगड सच्छिद्र आहे. खाणीतून काढताना तो मऊ असतो आणि हवा लागली की कठीण होतो, तरी त्याच्या अंगची छिद्रे तशीच राहतात. त्या काळच्या घरांच्या जोत्यात ओल अडवणारा थर घालत नसत, त्यामुळे जमिनीतले पाणी दिव्याच्या वातीतून तेल चढावे तसे भिंतीतून थोडे थोडे वर चढते. जुन्या गवंड्यांना हे ठाऊक होते. त्यांनी पाणी अडवण्याऐवजी त्याला बाहेर पडायला वाट ठेवली. चुन्याच्या गिलाव्यातून ते वाफ होऊन निघून जाते आणि भिंत आपापली वाळत राहते. त्यावर सिमेंट चढवले की ती वाट बुजते. मग पाणी आणखी वर चढून सिमेंटचा पट्टा संपेल तिथे बाहेर पडते आणि सोबत आणलेला खार तिथेच टाकते. सिमेंटमधले स्वतःचे क्षार त्यात भर घालतात. कंत्राटदाराच्या म्हणण्याप्रमाणे छतापर्यंत सिमेंट केले, तर पाणी थेट तुळयांच्या टोकांपर्यंत जाईल. त्या टोकांविषयी पुढे लिहितो.

आपले घर मळ्यात आहे, ही गोष्ट इथे फार महत्त्वाची आहे. पाठीमागे आल्तिनोची टेकडी, पुढे ओरेंची खाडी, आणि शेजारच्या फोंतेन्हासच्या तर नावातच झरा आहे. फिनिक्सचा झरा आपल्या घरापासून फार लांब नसावा. वर्षाकाठी सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या गावात टेकडीचे पाणी खाडीकडे जाताना ज्या घरांच्या पोटाखालून जाते त्यांत आपलेही एक आहे. हे पाणी थांबवता येणार नाही. ते घराच्या अंगाशी रेंगाळणार नाही, एवढी व्यवस्था मात्र करता येते. त्यासाठी काकींना एक प्रश्न विचारा: त्या लग्न होऊन घरात आल्या तेव्हा पुढच्या दाराला पायऱ्या किती होत्या? आज तिथे दोन असतील आणि त्यांनी तीन सांगितल्या, तर समजा की रस्त्यावर डांबराचे थर चढत जाऊन आपले जोते एका पायरीने जमिनीत गेले आहे. तसे असेल तर भिंतीच्या बाहेरून जोत्यालगत उथळ चर खणून त्यात खडी भरणे आणि तिला उतार देऊन पाणी गटाराला नेणे, हे आपले पहिले काम आहे. मागच्या अंगणात कोणी भिंतीपर्यंत सिमेंटचा कोबा केला असेल तर भिंतीलगतचा दोन फुटांचा पट्टा फोडून टाका. कौलांच्या पन्हाळीचे पाणी भिंतीच्या पायथ्याशी न पडता दूर पडेल, हेही पाहा. या सगळ्याचा खर्च एका खोलीच्या जिप्समच्या छताएवढाही होणार नाही, पण त्यात दाखवण्यासारखे काही नसल्यामुळे कोणत्याही प्रस्तावात ते आपोआप येत नाही.

हे उत्तर आपण वाचाल तेव्हा मृग लागलेला असेल. वेळ चांगली आहे. या पावसाळ्यात कोणतेही काम काढू नका, घर पाहा. दर पंधरा दिवसांनी प्रत्येक भिंतीवर ओल जिथवर चढली असेल तिथे पेन्सिलीने रेघ मारा आणि शेजारी तारीख लिहा. मुसळधार पावसाच्या दुपारी माळ्यावर जाऊन विजेरी बंद करा आणि कौलांतून उजेड कुठे येतो ते पाहा. मग ती लावून वाशांवर ओले डाग कुठे आहेत ते पाहा. आपण हिशेबनीस आहात, नोंदी ठेवणे आपल्याला सांगायला नको. चवथीपर्यंत अडीच-तीन महिन्यांची जी वही तयार होईल, ती कोणत्याही वास्तुरचनाकाराच्या पहिल्या भेटीपेक्षा अधिक सांगेल.

पाऊस ओसरल्यावर त्या चराच्या जोडीने छपराचे काम हाती घ्या. कौले परतताना मूळ कौले टाकून नवी घेण्याचा मोह टाळा. मंगळुरात बासल मिशनने १८६५ साली कौलांचा कारखाना काढल्यानंतर किनाऱ्यावर अनेक कारखाने निघाले आणि प्रत्येकाच्या साच्याची खाच थोडी वेगळी असे, त्यामुळे एका छापाचे कौल दुसऱ्या छापात नीट बसत नाही आणि गळती तिथूनच सुरू होते. कौलाच्या पोटाकडचा छाप पाहून ती वेगळी लावा. चांगली कौले रस्त्याकडच्या उतारावर एकत्र करा आणि कमी पडतील तेवढी मागच्या उतारासाठी एकाच छापाची विकत घ्या. कौलांवर पत्र्याचे आच्छादन घालण्याची हल्ली साथच आली आहे. तिला आपल्या घरात शिरू देऊ नका.

छपराबरोबरच १९९८ चे सिमेंट हलक्या हाताने, यंत्राशिवाय, छिन्नीने काढून टाका आणि भिंत तशीच उघडी ठेवा. ती काही महिने वाळू द्यावी लागेल. त्या काळात वर येणारा खार कोरड्या ब्रशने झाडत राहा, पाण्याने धुऊ नका. धुतले की तो विरघळून पुन्हा भिंतीत जातो. त्यानंतर चुन्याचा गिलावा करावा. चुना विरवून, गाळून, पाण्याखाली निदान काही आठवडे मुरलेला असावा. एक भाग चुना आणि तीन भाग धुतलेली वाळू हे साधारण प्रमाण धरावे. जुने मेस्त, म्हणजे कसबी कारागीर, त्यात गुळाचे पाणी, हिरडा असे पदार्थ घालतात. त्यांच्या हाताला ते प्रमाण ठाऊक असेल तर त्यांना घालू द्या, पण पुस्तकात वाचून नव्या गवंड्याकडून प्रयोग करवून घेऊ नका. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश घट्ट होतो. म्हणून पातळ थर द्यायचे, दोन थरांमध्ये थांबायचे आणि उन्हाळ्यात भिंतीवर ओले गोणपाट टांगून ठेवायचे. कंत्राटदार याला वेळखाऊ म्हणेल, आणि ते खरेच आहे. भिंतीच्या खालच्या चार फुटांतला पहिला गिलावा उरलेला खार शोषून घेण्यासाठीच आहे असे समजा. तीन-चार वर्षांत तो खराब झाला तर तेवढाच काढून पुन्हा करा. वर रंग द्यायचा तो चुन्याचाच. प्लास्टिक इमल्शन लावले तर एवढी सगळी मेहनत एका डब्यात बुडेल.

फरशीबाबतही हेच. आपल्या खालच्या मजल्यावर नक्षीच्या जुन्या सिमेंटच्या लाद्या किंवा लाल कोबा असेल, तर तो काढू नका. संपूर्ण जमीन व्हिट्रिफाइड फरशीने झाकली, तर जमिनीतून वर येणारी वाफ कडेला सरकते आणि ती सर्व भिंतींच्या वाट्याला येते.

आता वजनाकडे वळतो. कंत्राटदाराला वरच्या मजल्याची काळजी वाटते, ती रास्त आहे. त्याचा उपाय तेवढा चुकीचा आहे. पाच इंची सिमेंट-काँक्रीटच्या स्लॅबचे स्वतःचे वजन दर चौरस मीटरला तीनशे किलोंच्या वर जाते. तुळया आणि फळ्या मिळून आज तिथे साधारण पन्नास किलो असतील. म्हणजे एकही टेबल ठेवण्याआधी आपण सव्वाशे वर्षांहून जुन्या चिऱ्यांच्या भिंतींवर सहापट ओझे घालणार, आणि तो स्लॅब टेकवण्यासाठी त्याच भिंतींना चारही बाजूंनी खाच पाडणार. मी अशी दोन घरे पाहिली आहेत. दोन्ही ठिकाणी स्लॅब शाबूत आहे आणि त्याखालच्या भिंतींना दरवाज्यांच्या कोपऱ्यांतून तिरप्या चिरा गेल्या आहेत.

लाकडी मजला कार्यालयाचा भार पेलेल का, याचे उत्तर आपण त्यावर काय ठेवता यावर अवलंबून आहे. आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या दुसऱ्या भागात राहत्या खोलीसाठी दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो भार धरतात. कागदपत्रांची साठवण वेगळी असेल तर कार्यालयाच्या खोलीसाठी २५०, साठवण त्याच खोलीत असेल तर ४००, आणि दप्तरखान्यासाठी ५०० किलो. या आकड्यांतच आपल्या घराचा आराखडा दडलेला आहे. माणसे, टेबले आणि लॅपटॉप यांचे वजन घरातल्या वापराहून फारसे वेगळे नाही. वेगळे आहे ते कागदाचे. एफोर आकाराच्या ७५ ग्रॅम कागदाचे पाचशेचे एक बंडल सुमारे २.३ किलोचे भरते. पाच खणांच्या एका लोखंडी कपाटात अशी शंभर बंडले सहज मावतात, म्हणजे कपाट सोडून २३० किलो, आणि तेही अर्ध्या चौरस मीटरहून कमी जागेवर. अशी आठ कपाटे एका भिंतीला ओळीने लावलीत, तर काकींच्या सासऱ्यांच्या काळापासून निमूट असलेली तुळई कुरकुरू लागेल.

येथे एक पेच आहे. वर कागद नको कारण वजन, आणि खाली नको कारण ओल. लेखापरीक्षणाची कागदपत्रे निदान सात वर्षे जपावी लागतात, तेव्हा ती टाकूनही देता येत नाहीत. मी स्पष्टच सुचवतो: जुनी दप्तरे या घरात आणूच नका. पाटोची जागा सोडताना तिथेच किंवा पर्वरीसारख्या उंचावरच्या ठिकाणी एक लहान कोरडा गाळा भाड्याने घ्या, चालू वर्षाची कागदपत्रे तेवढी इकडे ठेवा आणि बाकीचे स्कॅन करून घ्या. इकडे आणाल ती कागदपत्रे तळमजल्यावरच्या आतल्या, बाहेरच्या भिंतीला न लागणाऱ्या खोलीत ठेवा. मांडण्या जमिनीपासून फूटभर वर आणि भिंतीपासून सहा इंच दूर. यूपीएसच्या बॅटऱ्याही खालीच, पण उंच चौथऱ्यावर.

तुळयांची तपासणी संरचना अभियंत्याकडून करून घ्या आणि तो येईल तेव्हा आपण स्वतः हजर राहा. भिंतीत शिरणारी टोके तपासण्यासाठी अनुभवी सुतार तिथे बारीक गिरमिटाने तिरपे भोक पाडतो आणि बाहेर येणारा भुसा तळहातावर घेतो. भुसा कोरडा, तांबूस आणि दाणेदार असेल तर लाकूड जिवंत आहे. काळपट, ओलसर आणि बोटांत चुरडला की पीठ होणारा असेल तर टोक कुजले आहे, मग मधली तुळई कितीही देखणी असो. तुळईच्या खालून या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोरी ताणून धरली की मध्ये ती किती वाकली आहे तेही लगेच कळते. कुजलेले टोक कापून नवे लाकूड जोडता येते. दोन तुळयांमध्ये एक नवी घालता येते, किंवा खालून लोखंडी तुळई देता येते. यांतले काहीही पुढे काढून टाकता येते. स्लॅब एकदा टाकला की काढता येत नाही. जुन्या घरात दोन उपायांतून निवडायचे झाले, तर उद्या उलटवता येईल तो उपाय मी निवडतो.

विजेचे काम करताना भिंती कोरू देऊ नका. चिऱ्याच्या भिंतीत चर पाडणे सोपे असते आणि नेमका त्यामुळेच वायरमनचा हात सैल सुटतो. जोत्यालगतच्या लाकडी पट्टीमागून आणि वरच्या माळ्यावरून नळ्यांतून तारा न्याव्यात. दिसल्या तरी बिघडत नाही. वीज खात्याकडे भार वाढवून मागण्याआधी आपल्याला खरोखर किती एसी हवेत ते ठरवा. दोन फूट जाडीच्या भिंती आणि चौदा फुटी उंची ही थंडाव्याची जुनी व्यवस्थाच आहे, तिच्यावर जिप्समचे छत ठोकून ती बंद पाडायची आणि मग विजेने थंडावा विकत आणायचा, यात मला शहाणपण दिसत नाही. शिवाय पावसाळ्यात बाहेरची दमट हवा सतत गार केलेल्या खोलीत शिरली की थंड भिंतींवर पाणी धरते आणि बुरशी येते. ग्राहकांशी बोलण्याची एक खोली आणि सर्व्हरची एक, एवढ्यांना एसी द्या, तोही २६ अंशांच्या आसपास. उरलेल्या खोल्यांत मोठे पंखे पुरतील. एसीचे बाहेरचे यंत्र मागच्या अंगणात बसवा आणि त्याचे पाणी नळीने गटारापर्यंत न्या, भिंतीवर सोडू नका. एक गोष्ट मात्र आधीच सांगून ठेवतो: वायफाय त्या भिंतींतून जाणार नाही. माझ्या एका परिचितांनी तीन महिने इंटरनेट कंपनीशी भांडण केले, तेव्हा कुठे त्यांच्या लक्षात आले की दोष भिंतीच्या जाडीचा आहे. माळ्यावरून केबल टाकून प्रत्येक खोलीत स्वतंत्र यंत्र बसवा.

रस्त्याकडच्या खिडक्यांना शिंपल्यांची तावदाने शिल्लक असतील तर ती जपा. दुपारच्या उन्हात त्यांतून येणारा दुधाळ उजेड संगणकाच्या पडद्यावर चमक येऊ देत नाही, हा कार्यालयासाठी फायदाच आहे. नवे शिंपले सहज मिळणार नाहीत. चिखलीच्या खाडीत ते सापडतात खरे, परंतु त्या जिवाला २००१ साली वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आणले आहे. म्हणून दोन मोडक्या खिडक्यांतले शाबूत शिंपले काढून एक चांगली खिडकी करा आणि दुसरीला साधी काच लावा.

आगीचा विचार अशा घरात हात राखून करू नये. लाकडी मजला आणि कागद असलेल्या जागेत शॉर्टसर्किट परवडणारे नाही, तेव्हा प्रत्येक खोलीला जादा प्रवाह होताच वीज तोडणारा स्वतंत्र एमसीबी, गळती पकडणारा आरसीसीबी आणि मागच्या बाजूने बाहेर पडायला दुसरी वाट हवीच. अग्निशामक दलाचा सल्ला काम सुरू होण्याआधी घेतला तर स्वस्तात पडतो. वयस्क किंवा चाकाच्या खुर्चीतील ग्राहकांसाठी उतार करताना एकास बारा हे प्रमाण पाळावे लागते, म्हणजे दोन पायऱ्यांच्या ३० सेंटिमीटर उंचीला ३.६ मीटर लांबी लागते. मळ्यातल्या गल्लीत तेवढी जागा पुढे निघणार नाही. बाजूच्या बोळातून काढा, आणि तो लाकडी किंवा लोखंडी असावा.

परवानग्यांविषयी थोडक्यात. मळा आणि फोंतेन्हास हा भाग पणजीच्या विकास आराखड्यात संवर्धन क्षेत्र म्हणून धरलेला आहे, त्यामुळे दर्शनी भागात बदल होत असेल तर प्रकरण संवर्धन समितीपुढे जाते. निवासी वापराचे कार्यालय करण्यासाठी पीडीए (नियोजन आणि विकास प्राधिकरण) आणि महानगरपालिका या दोघांकडे जावे लागेल. जाण्याआधी चलता क्रमांक, पी. टी. शीट आणि फॉर्म डी या नगर भूमापनाच्या नोंदी काढून नावे तपासा. आजोबांच्या पश्चात इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांमध्ये मालमत्ता वाटून देण्याची न्यायालयीन प्रक्रिया, झाली नसेल तर सर्व भाऊबंदांची, आणि आपल्याकडच्या नागरी संहितेमुळे त्यांच्या पती-पत्नींचीही, लेखी संमती लागेल. एक चुलतभाऊ कॅनडात आणि त्याची पत्नी सही करायला राजी नाही, एवढ्यावर वर्षभर रखडलेली कामे मी पाहिली आहेत. म्हणून पावसाळ्यातले चार महिने याच कामात घाला. कोणी सांगेल की हा भाग युनेस्कोच्या यादीत आहे, म्हणून खिळासुद्धा ठोकता येणार नाही. तसे नाही. युनेस्कोच्या यादीतली गोव्याची नोंद जुन्या गोव्यातील चर्च आणि मठांची आहे, १९८६ सालची. आपल्या घराला लागू आहे तो आपला स्थानिक नियम, आणि तो दुरुस्तीला आडवा येत नाही.

जुन्या वास्तूत कचेरी नांदत नाही, असे कोणी म्हणाले तर त्यांना मांडवीकाठी फिरवून आणा. आदिलशहाच्या वाड्यात १७५९ पासून व्हाइसरॉय राहिले, पुढे तिथे सचिवालय आले आणि २००० साली पर्वरीला जाईपर्यंत विधानसभाही तिथेच भरत होती. माकिनेजच्या वाड्यात वैद्यकीय शाळा होती. २००४ साली इफ्फी हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव गोव्यात आला तेव्हा तो परिसर दुरुस्त करून वापरात आणला आणि आज तिथे गोवा मनोरंजन संस्थेचे कार्यालय चालते. आपल्या घराच्या तुलनेत त्या वास्तू अवाढव्य आहेत, पण ओल आणि वजन यांचे प्रश्न तिथेही हेच होते.

वेळापत्रकाबद्दल: मार्चअखेर कार्यालय हलवण्याची कल्पना कंत्राटदाराला सुचली हे समजू शकतो, आपल्याला ती पटली याचे नवल वाटले. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये छप्पर आणि चर, फेब्रुवारीपर्यंत भिंती वाळणे आणि तुळयांची दुरुस्ती, मेपर्यंत गिलावा, पुढच्या पावसाळ्यात नव्या छपराची परीक्षा आणि आत विजेचे काम, असे धरा. लेखापरीक्षणाचा हंगाम आटोपल्यावर, पुढच्या वर्षीच्या दिवाळीनंतर बाडबिस्तरा हलवा. ठरवलेल्या रकमेचा पाचवा हिस्सा बाजूला काढून ठेवा. जुनी भिंत उघडली की काय निघेल ते कोणालाच आधी सांगता येत नाही.

राहिला काकींचा प्रश्न. त्यांना हलवण्याची गरज मला दिसत नाही, कारण यंत्राने फोडाफोडी नाही, स्लॅब नाही, आणि काम टप्प्याटप्प्याने पुढून मागे येणारे आहे. दोन भागांमधल्या दाराला गिलाव्याच्या काळात जाड ताडपत्री लावा. चुन्याची धूळ वयस्क छातीला सोसत नाही. दिवाणखान्यात कायमची बसवलेली टेबले करू नका. तिथे हलवता येणाऱ्या खुर्च्या ठेवून ग्राहकांची बैठक करा, म्हणजे चवथीला दोन तासांत खोली रिकामी होईल आणि गणपती त्याच्या नेहमीच्या जागी बसेल. गणपतीच्या डोक्यावर फळाफुलांची माटोळी टांगण्याच्या कड्या तुळईला आहेत तशाच राहू द्या, त्यांवर पंखा किंवा दिवा टांगू नका. आणि वीज खात्याकडे अर्ज कराल तेव्हा काकींच्या भागाचा घरगुती मीटर वेगळा ठेवायला विसरू नका, नाहीतर त्यांच्या देवघरातल्या दिव्याचे बिलही व्यावसायिक दराने येईल.